आठ आणि दहाच्या मधे

चाकणच्या एमआयडीसीत गाड्यांसाठी पत्र्याचे भाग ठोकून देणारी एक कंपनी आहे. तिथल्या साऱ्या कॉम्प्युटरांची काळजी दोनच माणसं वाहतात, सुरेंद्रसर आणि त्यांच्या हाताखालची करिष्मा. सर चाळिशी ओलांडलेले, मोजकं बोलणारे, टेबलावर कागदाचा चिटोरा दिसला तरी अस्वस्थ होणारे. करिष्माचं गाडं अगदी उलट. बंद डबा दिसला की झाकण काढून आत बघितल्याशिवाय तिला चैन पडायची नाही. तिची आई कौशल्याबाई म्हणायची, "हिला सासरी धाडली तर पहिल्याच दिवशी सासूचं कपाट उघडून बसंल."

त्या उन्हाळ्यात कंपनीचा जुना सर्व्हर मोडीत काढून नवा आणायचं ठरलं. जुन्यावरच्या कामाच्या फायली नव्यावर न्यायच्या, हे काम करिष्माकडे आलं. काम तसं सोपं होतं, कारण अडगळ जमूच नये असा सुरेंद्रसरांचा कडक नियम होता. तीन वर्षांत जी फाइल कुणी उघडून वाचली नाही, ती आपोआप पुसली जायची. नियमही सरांचा आणि तो पाळणारा प्रोग्रामही त्यांनीच लिहिलेला. "आमच्या तेवढ्या राहू द्या की राव," म्हणत डिझाइनवाले आले, स्टोअरवाले आले, एकदा तर प्लँटचे मोठे साहेब स्वतः आले. सरांचं उत्तर ठरलेलं होतं. "नियमाला जावई नसतो."

त्यामुळे कधी न पाहिलेला एक जुना फोल्डर समोर आला तेव्हा करिष्माची बोटं थांबली. नाव होतं नॉइज सर्व्हे. आत सगळी ध्वनिमुद्रणं. वीसेक वर्षांपूर्वी प्रेसशॉपमधला गोंगाट कामगारांच्या कानांना कितपत झेपतो हे मोजायला केलेली. तो प्रेसशॉप आता राहिलाच नव्हता. त्या जागी काचेच्या पिंजऱ्यात रोबोट हात हलवत उभे होते. अहवाल केव्हाच देऊन झालेला, मोजणारी माणसं पांगलेली. सरांच्या प्रोग्रामने या फायलींचा फडशा कधीच पाडायला हवा होता.

पण शेवटच्या वाचनाची तारीख होती याच महिन्याची, एक तारीख.

'हे कोण ऐकतंय?' करिष्माच्या मनात आलं.

सटवाई बाळाच्या कपाळावर लिहिते म्हणतात, तशी ऑपरेटिंग सिस्टिम प्रत्येक फाइलीच्या कपाळावर वेळा लिहीत असते. ही शेवटची कधी वाचली, ती एक वेळ. हिच्या आत शेवटचा बदल कधी झाला, ती दुसरी. बदलाची वेळ वीस वर्षं जुनीच होती, म्हणजे ध्वनिमुद्रणाला कुणी हात लावलेला नव्हता. वाचल्याची वेळ मात्र ताजी. तिने मागच्या महिन्याचा बॅकअप काढून पाहिला. तिथेही एक तारीखच. त्याच्या आदल्या महिन्यात? एक तारीख. कुणीतरी दर महिन्याला, सुट्टीचा वार न बघता, नेमाने हा फोल्डर वाचत होतं.

मग तिचं लक्ष वेळेच्या शेपटाकडे गेलं. तास, मिनिट, सेकंद. सगळ्या फायलींवर एकच सेकंद होता.

ती खुर्चीत मागे रेलली. एकेक फाइल पंधरा-वीस मिनिटांची. माणूस ऐकायला बसला तर दुपार जाईल. बॅकअपने वाचल्या म्हणावं, तर बॅकअप काय फक्त याच फोल्डरला भेट देतो? एका सेकंदात इतक्या फायली कुणी वाचत नाही. म्हणजे त्या वाचल्या गेल्याच नव्हत्या. वाचल्याची नोंद तेवढी कुणीतरी करून ठेवत होतं.

हे करता येतं, हे तिला ठाऊक होतं. निगडीच्या कॉलेजात प्रॅक्टिकलला तिने ते करूनही पाहिलं होतं. ऑपरेटिंग सिस्टिमला प्रोग्राममधून हाक मारायची. तिला सांगायचं, ही फाइल, हिची वाचल्याची वेळ अमुक लाव आणि बदलाची वेळ तमुक लाव. ती निमूट लावते. या हाकेचं नाव युटाइम. ती काही लबाडीसाठी केलेली नाही. जुनी फाइल नवीन जागी नेली की तिच्यावर आजची तारीख पडते. ती पुसून मूळची तारीख पुन्हा लावायची, तर अशी काही सोय लागतेच. करिष्मा स्वतः गेला आठवडाभर तेच करत होती.

पण हाक मारणाऱ्याला हक्क लागतो. एक तर तो फाइलीचा मालक हवा, नाहीतर सर्व्हरचा कारभारी. या फायलींच्या मालकाचं खातं कंपनीने कधीच बंद केलं होतं. कारभाऱ्याचा पासवर्ड अख्ख्या कंपनीत दोघांकडे होता. एक ती स्वतः.

करिष्माने मान वळवून काचेच्या पलीकडे पाहिलं. सुरेंद्रसर टेबल पुसत होते.

तिची खात्री पटली ती तिसऱ्या वेळेमुळे. त्या दोन वेळांच्या मागे आणखी एक वेळ असते, सहसा कुणी बघत नाही अशी. फाइलीचं नाव, हक्क किंवा या दोन वेळा, यांतलं काहीही कुणी हलवलं की सिस्टिम ते स्वतःपाशी टिपून ठेवते. ही वेळ कुणाला सांगून बदलता येत नाही. नुसतं वाचलं तर ती हलतही नाही. इथे ती याच महिन्याच्या एक तारखेला, नेमक्या त्याच सेकंदाला हललेली होती. थोडं खोदल्यावर तो प्रोग्रामही सापडला. चार ओळींचा, बिननावाचा. प्रत्येक फाइलीची बदलाची जुनी वेळ आधी विचारून घ्यायची, ती जशीच्या तशी ठेवायची, आणि वाचल्याची वेळ मात्र आजची लावायची. जपून, हळुवार हाताने लिहिलेल्या ओळी होत्या त्या.

नियमाला जावई नाही म्हणणाऱ्या माणसाने स्वतःच्याच नियमापासून हा फोल्डर का लपवावा? सरळ जाऊन विचारता आलं असतं. पण झाकण हाताशी असताना विचारत बसेल ती करिष्मा कसली! जेवणाच्या सुट्टीत सगळे कँटीनला गेल्यावर तिने हेडफोन कानाला लावले आणि पहिली फाइल सुरू केली.

आधी नुसता धबडगा. प्रेसचे ठोके, कुठेतरी हवा सुटल्याची फुस्स, कुणाची तरी शिट्टी. थोड्या वेळाने कान सरावले आणि त्या गदारोळाच्या तळाशी तिला एक आवाज लागला. बाईचा. मायक्रोफोन बहुतेक तिच्या टेबलाशेजारीच उभा केला असावा. ती नग मोजून खोक्यात टाकत होती आणि मोजताना तिच्याही नकळत एक चाल लागली होती.

"लाभ… दोन… तीन… चार… पाच… सहा… सात… आठ…"

मग टण् असा नग पडल्याचा आवाज. शब्द नाही.

"दहा… अकरा… बारा…"

वीस झाले की खोकं सरकल्याची खरखर. पुन्हा लाभ, दोन, तीन. पुन्हा आठनंतर ती गप्प आणि थेट दहा. करिष्माने फाइल पुढे नेली, दुसरी उघडली, तिसरी उघडली. एकोणीस ती म्हणत होती, सोळा-सतरा ठणठणीत म्हणत होती. फक्त नऊ नव्हता. एकदाही.

सुट्टी संपल्याचा भोंगा झाला. तिने घाईघाईने ऐकलेल्या फायलींच्या वेळा त्याच हाकेने पूर्ववत लावून टाकल्या, अगदी सेकंदासकट, आणि काहीच घडलं नाही अशा चेहऱ्याने कामाला लागली.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये सुरेंद्रसर ताट घेऊन तिच्यासमोर येऊन बसले. हे कधी होत नसे. त्यांनी आमटीत चमचा फिरवला आणि वर न बघता म्हणाले, "काल तू ते ऐकलंस."

करिष्मा घाईने घास गिळून म्हणाली, "सर, पण मी वेळा तर परत…"

"लावल्यास. बरोबर लावल्यास. पण तिसरीचं काय?"

तिने जीभ चावली. ज्या खुणेवरून तिने सरांना ओळखलं, तीच खूण ती स्वतः मागे ठेवून आली होती. मग सरांना हसू आवरेना, आणि ते हसले म्हणून तीही हसली.

"किती वेळात लक्षात आलं?" सरांनी विचारलं.

"काय? तुमचा प्रोग्राम?"

"नाही गं. नऊ."

तिने चमचाच खाली ठेवला. "पहिल्याच खोक्याला. सर, ती नऊ का म्हणत नाही?"

"तेच तर," सर म्हणाले, आणि तिने आजवर न पाहिलेला एक उत्साह त्यांच्या तोंडावर आला. "तो मायक्रोफोन मीच धरला होता. ट्रेनी म्हणून नुकताच लागलो होतो. चिंचवडच्या खोलीवर नेऊन मोजमापासाठी ऐकत बसायचो, तेव्हा कानावर आलं. आधी वाटलं, बाईंना नऊ येत नसेल. पण खोक्यात नग बरोबर वीस. नवव्या नगाचा टण् आहे, शब्द नाही. मग वाटलं प्रेसच्या ठोक्यात तो बुडत असेल. पण ठोका काय दर वेळी तिच्या नवालाच येणार आहे?"

"मग तेव्हाच विचारलं का नाही?"

"कुणाला? मिसरूड नुकतं फुटलेला ट्रेनी पॅकिंगच्या बायकांत जाऊन विचारणार, अशा अशा आवाजाची बाई कोण? चौकशी माझीच लागली असती. नंतर मला दुसऱ्या प्लँटला धाडलं. कॉम्प्युटर सांभाळायला परत आलो तोवर पॅकिंगच्या बहुतेक बायका बदलल्या होत्या."

"आणि हा महिन्याचा प्रोग्राम?"

सर ओशाळले. "नियम मीच केलेला. लोकांच्या पोरांच्या बारशाचे फोटो त्यात गेले. मग माझ्यासाठी वेगळा जावई कुठून आणू?"

"पण नुसत्या महिन्यातून एकदा ऐकायच्या ना सर. वाचल्याची वेळ आपोआप लागली असती."

"ऐकायला बसलो की उठवत नाही," सर म्हणाले. "आणि उठलो तरी उत्तर काही मिळालेलं नसतं."

एक फाइल घरी न्यायची परवानगी करिष्माने तिथेच मागून घेतली. प्रेसच्या गोंगाटात गुपित ते काय असणार? सरांनी मान डोलावली.

पुनावळ्यात ती आईवडिलांबरोबर राहायची. वडील भोसरीत फिटर होते आणि त्यांची दुसरी शिफ्ट होती. संध्याकाळी गॅलरीत कौशल्याबाई मेथी निवडत बसल्या होत्या. समोर हायवेवर गाड्यांची रांग लागलेली. धाराशिवकडून येऊन त्यांना पंचवीस वर्षं झाली तरी बोलणं तिकडचंच राहिलं होतं. करिष्माने त्यांच्या कानात इअरफोन खोचला.

"काय ऐकवायलीस बाई? नुसता गलका हाय."

"गलक्याच्या खाली ऐक. एक बाई मोजतेय."

कौशल्याबाईंनी मेथीची जुडी मांडीवर ठेवली आणि डोळे मिटले. "हां. लाभ म्हणायली की. खळ्यावर वाढलेली दिसती."

"खळ्यावर म्हणजे?"

"रास मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत न्हाईत. लाभ म्हणायचं. बरकत ऱ्हाती." त्या पुन्हा ऐकू लागल्या. थोड्याच वेळात भुवया वर गेल्या, मग ओठ हलले, आणि एकदम त्या खुदकन हसल्या. "आठावरून दहावर उडी मारायली!"

"तेच! का पण?"

"अगं येडे, नवऱ्याचं नाव असंल. नवनाथ, न्हाईतर नवसाजी, कायतरी असंल. आमच्याकडं नऊला नवच म्हणत्यात. नवऱ्याचं नाव घ्यायचं न्हाई म्हणल्यावर नव तरी कसं म्हणावं तिनं?"

"इतकं? साधा आकडासुद्धा नाही?"

"तुझ्या आज्याचं नाव काय?"

"खंडू."

"आन् आपल्या कुळदेवाला मी काय म्हणते?"

करिष्माला आठवलं. जेजुरीचा देव. जन्मापासून ती आईच्या तोंडून तेच ऐकत आली होती. घरात सगळे खंडोबा म्हणत, आई एकटी जेजुरीचा देव म्हणे. आईची लाडाची तऱ्हा असेल, असं तिला वाटायचं. सगळ्या फायली उघडून बघणाऱ्या पोरीने घरातली ही एवढी गोष्ट कधी उघडून बघितली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती पॅकिंगच्या पद्माताईंकडे गेली. पद्माताई तिथल्या सुपरवायझर, अगदी सुरुवातीच्या माणसांपैकी एक. त्यांनी हेडफोन कानाला लावला आणि तिसऱ्या आकड्यालाच म्हणाल्या, "ही तर छबूबाई! निघोज्याची. अगं, माझ्या शेजारच्या टेबलाला असायची. कुठं मिळाली ही तुला?"

"पद्माताई, तिच्या मिस्टरांचं नाव काय?"

"नवनाथ. टेम्पो होता त्यांचा. रोज न्यायला यायचे."

करिष्मा धावतच सरांच्या केबिनमध्ये गेली. सरांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "रविवारी जाऊ या," ते म्हणाले. "पद्माताईंना फोन करून विचारायला सांग, त्यांना चालेल का म्हणून."

छबूबाईंना चाललं. रविवारी सकाळी सर आपली गाडी घेऊन पुनावळ्याला आले, करिष्मा लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली आणि दोघं निघोज्याला निघाली. घर सापडायला वेळ लागला नाही. मागच्या बाजूला कामगारांना भाड्याने दिलेल्या खोल्यांची ओळ होती, दोऱ्यांवर कंपन्यांचे निळे-करडे शर्ट वाळत होते. पुढच्या अंगणात एक जुना टेम्पो विटांवर उभा होता आणि त्याच्या हौद्यात कोथिंबीर पेरलेली. साठीच्या आसपासच्या छबूबाई दारातच उभ्या होत्या. ठेंगण्या, लख्ख काळ्या डोळ्यांच्या. अंगणातच बाजेवर नवनाथराव, पांढऱ्या मिशा, डोक्याला टॉवेल.

"या, या. पद्मी म्हनली कंपनीतनं सायेब येनार," छबूबाई म्हणाल्या. "मी म्हनलं, आता काय राह्यलं माझं कंपनीत?"

"तुमचा आवाज राहिलाय," सर म्हणाले. त्यांनी करिष्माकडे पाहिलं. तिने लॅपटॉप बाजेवर ठेवला आणि फाइल सुरू केली.

प्रेसचे ठोके अंगणात दणाणले. कोंबड्या पांगल्या. मग तो आवाज आला आणि छबूबाईंचा हात आपसूक तोंडावर गेला.

"ही मी व्हय?"

"तुम्हीच."

"काय कवळा आवाज व्हता बया!" त्या खाली जमिनीवरच बसल्या आणि लॅपटॉपकडे कान करून ऐकत राहिल्या. सात, आठ, टण्, दहा. करिष्माने आवाज थांबवला आणि नऊचं कोडं त्यांना सांगितलं. सरांना कसं ते वर्षानुवर्षं सुटलं नाही, आपल्या आईने ते कसं सोडवलं, तेही सांगितलं.

नवनाथरावांची छाती फुगली. मिशीवरून हात फिरवत ते म्हणाले, "बराबर हाय तुमच्या आयचं. आमच्या मंडळींनी कदी नाव घेतलं न्हाई आमचं. जुनी वळनं ती. आताच्या पोरींना काय म्हाईत?"

"वळन?" छबूबाईंनी गर्रकन मान वळवली. "कसलं वळन? राग व्हता त्यो!"

नवनाथरावांचा मिशीवरचा हात तिथेच थांबला.

"कंपनी आली, बायांना काम द्याया लागली," छबूबाई करिष्माकडे वळून सांगू लागल्या. "मी म्हनलं जाते. हे म्हनले, आमच्या घरातल्या बाया कंपनीत जात न्हाईत. मी म्हनलं, मंग आता जातील. दोन हजार तीनच्या गौरी-गनपतीत लागले कामाला. त्या दिसापासनं हेंनी बोलनं टाकलं. शबूद न्हाई. मंग म्याबी ठरवलं, ह्या मानसाचं नाव त्वांडात नको. दिसभर मोजायचं काम. नव म्हनायला जावं, तर ह्येंचं फुगल्यालं त्वांड डोळ्याम्होरं यायचं. म्हनून त्यो आकडाच टाकला."

नवनाथराव बाजेवर ताठ बसले होते. "न्हाई, न्हाई. तू पयल्यापासनंच घेत न्हवतीस. मानानं."

"मला ठावं का तुमाला?"

"आगं पर हे कवाचं हाय, ते तरी कळू दे," ते हट्टाने म्हणाले. "अबोला व्हता तवाचं हाय का सुटल्यानंतरचं?"

सगळ्यांनी करिष्माकडे पाहिलं. तिने फाइलीवरची बदलाची वेळ उघडली. सरांचा प्रोग्राम दर महिन्याला त्या फायलींच्या कपाळाला हात लावत आला होता, पण ही वेळ त्याने प्रत्येक वेळी विचारून, होती तिथेच ठेवली होती. ध्वनिमुद्रण झालं तो दिवस तिच्यावर अजून शाबूत होता.

"दोन हजार चार," तिने वाचलं. "मार्च महिना."

"मार्च," छबूबाई म्हणाल्या. "शिमग्याच्या अंगाला. म्हंजी गनपतीनंतरचंच की. अबोला सुटला त्यो त्याच्या फुडच्या दिवाळीत." त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. "आता बोला."

नवनाथरावांनी टेम्पोच्या विटांकडे नजर वळवली. मग म्हणाले, "आन् मी रोज गेटावर टेम्पो घिऊन उबा ऱ्हायचो, त्ये?"

"ऱ्हायचा की. पर बोलत कुटं व्हता तुमी?"

"म्हणजे," करिष्माला राहवलं नाही, "बोलत नव्हता, तरी रोज न्यायला यायचात?"

"आंधार पडायचा की वो," नवनाथराव म्हणाले, जणू यात विचारण्यासारखं काय आहे. "कुत्री लई रस्त्याला."

"टेम्पोत बसायचं आन् दोगांनी दोन बाजूला बघायचं," छबूबाई म्हणाल्या. "गावात लोक म्हनायचे, छबीचं नशीब, नवरा रोज न्यायला येतो."

सुरेंद्रसर पुढे सरकून बसले. "मग अबोला सुटला कसा?"

छबूबाईंना हसू फुटलं. "दिवाळीच्या आदल्या दिशी रस्त्यात टेम्पो बंद पडला. हेंनी लई खटपट केली. चालूच व्हईना. मंग खिडकीतनं त्वांड भाईर काडून म्हनले, ढकल. येक वर्साच्या वर झालं व्हतं, आन् पयला शबूद काय, तर ढकल!"

"मग?"

"मंग काय, ढकलला. घरी कसं जानार?"

करिष्मा इतकी हसली की लॅपटॉप पडता पडता राहिला. नवनाथरावही हसले, पण जरा उशिराने.

"आता नाव घेता का त्यांचं?" तिने डोळे पुसत विचारलं.

"घेते की," छबूबाई उठत म्हणाल्या. "दिस बघून." आणि चहा ठेवायला आत गेल्या.

चहापाणी झालं, कोथिंबिरीची जुडी बांधून झाली. निघताना छबूबाई दारात थांबल्या. नवनाथराव मात्र गाडीपर्यंत आले. सरांनी दार उघडलं तरी ते वाटेत उभेच. घराकडे एकदा बघून ते हळू आवाजात म्हणाले, "सायेब, त्ये परत येकदा लावता का? आठ म्हनती आन् थांबती, तेवडंच."

"बसा ना आत," सर म्हणाले.

नवनाथराव पुढच्या सीटवर बसले. करिष्माने मागून लॅपटॉप त्यांच्या मांडीवर दिला आणि काचा वर केल्या. ठोके सुरू झाले. नवनाथराव ओठांनी आकडे मोजत होते. आठला त्यांचे ओठ थांबले, टण् वाजला, दहा पुढे निघून गेला. त्यांनी बोटानेच पुन्हा लावा म्हणून खूण केली. पुन्हा आठ, पुन्हा टण्. तिसऱ्यांदा मात्र त्यांनी डोळे मिटले होते.

"गेटाभाईर आसायचो मी," ते म्हणाले. "तितवर आवाज यायचा न्हाई."

सरांनी त्यांना आणखी एक खोकं ऐकू दिलं. मग घराच्या दारातून छबूबाईंची हाक आली, "अवो, त्या लोकांना जाऊ द्याल का न्हाई? चाकणात टरॅफिक लागतं!" तेव्हा कुठे नवनाथरावांनी लॅपटॉप मांडीवरून उचलला, दोन्ही हातांनी करिष्माकडे दिला आणि टॉवेल सावरत उतरले.

सोमवारी सुरेंद्रसर मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये गेले ते जेवणाची सुट्टी होईतो बाहेर आले नाहीत. आल्यावर त्यांनी करिष्माला सांगितलं की नव्या सर्व्हरवर तो चार ओळींचा प्रोग्राम न्यायचा नाही.

"मग फायली जातील की सर. तीन वर्षांनी."

"नाही जाणार. नियमातून काय काय वगळायचं, ते सगळ्यांना विचारून ठरवायचंय आता. डिझाइनवाल्यांना, स्टोअरवाल्यांना, सगळ्यांना. तू विचारून ये." ते टेबलावरचा एक चिटोरा उचलता उचलता थांबले. "आणि काय गं, ती शिट्टी कुणाची होती? सुरुवातीला एक शिट्टी ऐकू येते बघ. मधूनच कुणीतरी वाजवतं. छबूबाईंना विचारायचंच राहिलं."

करिष्माने हेडफोन कानाला लावले.